तळटीप : मिरजेचा ‘जुना’ तंबोरा
घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) हाडाची किंवा शिंगाची आहे, एवढ्यावरून सांगली जिल्ह्यातल्या मिरजेच्या तंबोऱ्याचे (२०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले) वय ठरवणे मला मान्य नाही. तारांच्या घर्षणाने जवारी, म्हणजे घोडीचा घासून घडवलेला वरचा पृष्ठभाग, झिजते. ती पुन्हा घासून लावतात, प्रसंगी घोडीच बदलतात. ‘आवाजावरून जुनेपण कळते’ हा आक्षेपही टिकत नाही, कारण तंबोऱ्याचा झंकार बराचसा शेवटच्या घासणीवर अवलंबून असतो. इलेक्ट्रिक गिटारचेही असेच आहे: जुन्या वाद्यात तारांची कंपने टिपणारा नवा पिकअप सहज बसवता येतो. म्हणून सहसा न बदलणारे भाग, म्हणजे भोपळा, गळ्याचा जोड आणि लाकडाची आतली, पॉलिश न चढलेली बाजू पाहावी. तेवढे तपासल्याशिवाय कोणत्याही तंबोऱ्याला जुना म्हणू नये.