कान्हेरीची वाट

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरताना आपण एका बेटावरील अरण्यात पाऊल टाकीत आहोत, याचे भान फार थोड्यांना असते. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि पश्चिमेस समुद्र. मध्ये आपले साष्टी बेट. पूल आणि आगगाडी यांनी त्याचे बेटपण विसरायला लावले. आज संजय गांधींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या उद्यानाचा मोठा भाग या बेटाच्या कण्यावर पसरलेला आहे.

कान्हेरीच्या रस्त्यावरून शिलोंड्याची निसर्गवाट फुटते. वनखात्याची परवानगी घेऊन ओढ्याच्या कडेने चालू लागले, की शहराचा आवाज हळूहळू मागे पडतो. या वाटांनी आपल्याआधी कोण कोण चालले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. ख्रिस्ती वाचकाला त्यांतील एका पांथस्थाची ओळख असायला हवी.

१५३४ साली वसई आणि साष्टी पोर्तुगिजांच्या हाती आली. त्यांच्यामागून आलेल्या संत फ्रान्सिसच्या संघीयांत फादर अंतोनियु दो पोर्तु हे प्रमुख होते. मंडपेश्वरच्या लेण्यावर मठ उभा राहिला तो त्यांच्याच काळात; त्याचे भग्नावशेष आजही दिसतात. कान्हेरीलाही ते गेले आणि तेथील लेण्यांत संत मायकलच्या नावाने चर्च झाले. बखरकार दियोगु दो कोतु याने त्यांची एक कथा नोंदविली आहे. डोंगराखालचे भुयार थेट खंबायतपर्यंत जाते, असे लोक सांगत. फादर अंतोनियु माणसे, दोर आणि शिधापाणी घेऊन आत शिरले, सात दिवस चालले आणि अंत न लागल्याने परतले.

असे भुयार तेथे नाही. शंभराहून अधिक लेणी मात्र आहेत, आणि त्यांच्या भिंती कोरीव लेखांनी भरल्या आहेत. ते लेख वाचणे फादर अंतोनियुंना शक्य नव्हते. ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेपने केला तो १८३७ साली. त्या लेखांत कल्याण, सोपारा, चौल येथील दात्यांची नावे आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी खोदवून दिली, असे एक लेख सांगतो. पोढी म्हणजे कातळातले टाके. पावसाळ्यातले तीन महिने विहारात राहणाऱ्या आणि पुढे उन्हाळा सोसणाऱ्या भिक्षूंसाठी याहून मोठे दान कोणते? डोंगरावर पडणारे पाणी पन्हळींनी या पोढींत आणले जाई.

पुढे मुंबई शहरानेही याच डोंगराकडे पाणी मागितले. १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी तलाव पूर्ण झाला. तलावांच्या पाणलोटासाठी भोवतालचे रान राखले गेले. आजचे उद्यान उभे राहण्यास हे एक मोठे कारण झाले.

१७३९ पर्यंत मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि लेण्यातील चर्चचा काळ संपला. तो आपल्या इतिहासाचा भाग आहे. तो झाकू नये, त्याचा अभिमानही मिरवू नये. दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळात आपली वेदी मांडणाऱ्या त्या संघीयांची श्रद्धा खरी होती; परंतु ज्या घरात आपण शिरलो ते कोणाचे, हे विचारण्याची सवय त्या काळाला नव्हती. आज आपल्याला तशी सबब नाही. या वनात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. १९९७ साली उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, त्यानंतर पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. रान वाचवायचे आणि रानातली माणसेही, या दोन्ही गोष्टी एका दमात बोलणे आपल्याला अजून जमलेले नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली निसर्गरक्षणावर परिपत्रक लिहिले, तेव्हा त्याचे नाव संत फ्रान्सिसच्या स्तोत्रावरून घेतले, आणि वसुंधरेच्या हाकेबरोबर गरिबांची हाकही ऐका, असे त्यांनी बजावले. फादर अंतोनियु त्याच संताचे अनुयायी. म्हणून धर्मग्रामातील तरुणांना कान्हेरीला नेतो, तेव्हा मी त्यांना प्रथम चैत्यगृहात नेत नाही. पोढीपाशी थांबवतो, त्या सोनाराची गोष्ट सांगतो आणि मग एवढेच म्हणतो, की या डोंगरावर आपण पाहुणे आहोत. पाहुण्यासारखे चालू या.