शेवटचे तीन, मग दोन-दोन

२०११च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या होती १०,७२,९४२. वाचायला सोपं : दहा लाख बहात्तर हजार नऊशे बेचाळीस. हाच आकडा पायथॉनला दिला आणि स्वल्पविराम टाकून छापायला सांगितलं, की समोर येतं १,०७२,९४२. अंक तेच, क्रमही तोच. पण मोठ्याने वाचून बघा. सुरुवातीचा तो एकटा ‘एक’ कशाचा? लाखाचा की कोटीचा? आपण बोट लावून एकं, दहं, शतं मोजायला लागतो.

याचं कारण साधं आहे. आकड्यातला स्वल्पविराम तिथे पडतो, जिथे बोलताना नवा शब्द लागतो.

भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त अठरा स्थानांची नावं आहेत आणि प्रत्येक दहापटीला वेगळा शब्द आहे. दहा हजार म्हणजे अयुत, दहा लाख म्हणजे प्रयुत. पुढे रोजच्या व्यवहारात सहस्राच्या जागी फारसीतला हजार आला, अयुत आणि प्रयुत मागे पडले. उरले हजार, लाख, कोटी. हजारापासून पुढे दर दोन घरांनी एक शब्द. म्हणून शेवटचे तीन अंक सोडले की आपण दोन-दोनचे गट करतो. इंग्रजीत हजारानंतरचा शब्द थेट मिलियन. तो मुळात इटालियन, अर्थ ‘मोठा हजार’. मध्ये तीन घरं, म्हणून तिकडे तीन-तीनचे गट.

मोठी संख्या पेलायची तर तिचे गट बांधावे लागतात, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात कोणाला शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारं घर पानांचा पुडा बांधतं. एका पुड्यात ७० पानं. मजुरीचा दर शंभर पुड्यांवर, म्हणजे शेकड्यावर. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७०,००० पानं. अडीचशे गोण्या झाल्या तर पानं होतात १,७५,००,०००. पण फळीवर हा आकडा कोणी उच्चारत नाही. पुडा, शेकडा, गोणी एवढ्यात सगळा हिशेब बसतो. इथे ना तीनचा नियम आहे, ना दोनचा. ज्याला जे मोजायचं, त्याच्या सोयीचा गट.

संगणकाला हे कळतच नव्हतं असं नाही. १९८९च्या सी भाषेच्या प्रमाणात गटांचे आकार प्रदेशानुसार सांगायची सोय होती : आधी तीन, मग दोन, आणि पुढे तेच दोन पुन्हा पुन्हा. पायथॉननेही ही सोय घेतली. पण प्रदेशाची सेटिंग अख्ख्या प्रोग्रॅमला लागू होते, आणि ती त्या मशीनवर उपलब्ध असावी लागते. लोक वैतागायचे. म्हणून मार्च २००९मध्ये रेमंड हेटिंगर यांनी सोपा प्रस्ताव मांडला : कोलनपुढे नुसता स्वल्पविराम लिहा, काम झालं. जूनमध्ये पायथॉन ३.१सोबत तो आला. गट मात्र कायमचे तीन-तीनचे. २०१६च्या ३.६मध्ये कोड लिहिताना अंकांमध्ये अंडरस्कोर टाकायची मुभा मिळाली, आणि तो हवा तिथे टाकता येतो. १०_७२_९४२ ही मांडणी (इंग्रजी अंकांत) पायथॉनला बिनतक्रार चालते. म्हणजे फक्त प्रोग्रॅमर वाचणार तिथे लाख लिहिता येतात, आणि लोक वाचणार तिथे सोप्या वाटेने येत नाहीत.

त्याच २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करू लागल्या. आधी ठेकेदाराच्या किंवा खात्याच्या वहीत असलेला लाखांचा हिशेब गावासमोर वाचला जाऊ लागला.

वाचला जाऊ लागला, हे महत्त्वाचं. ग्रामसभेत हिशेब ऐकून मंजूर होतो. समजा, कागदावर १,२५०,००० छापून आलं. वाचणारा थबकला, कोणी बारा लाख म्हणालं, कोणी सव्वा कोटी, तर शेवटी ज्याला इंग्रजी आकडे वाचता येतात त्याचंच खरं धरलं जाणार. जो अधिकार कायद्याने सगळ्या गावाला दिला, तो एका स्वल्पविरामामुळे पुन्हा दोघा-तिघांकडे जातो.

उपाय फार मोठा नाही. शेवटचे तीन अंक बाजूला काढायचे, उरलेल्यांचे मागून दोन-दोनचे गट करायचे. पाच-सहा ओळींचं फंक्शन. जावास्क्रिप्टमध्ये तर तेवढंही लागत नाही : भारतातली मराठी मागितली की १०,७२,९४२ असं देवनागरीतच छापून येतं. गावासाठी अॅप किंवा पावती तयार करणाऱ्याने डिलिव्हरीच्या आधी एकच गोष्ट करावी. स्क्रीनवरचा सगळ्यात मोठा आकडा कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगावा.