त्रेसष्ट की साठ तीन?

जून २०१९मध्ये महाराष्ट्रात एक आगळाच वाद पेटला. त्यात पाणी नव्हते, ऊस नव्हता, आरक्षण नव्हते. वाद होता आकड्यांच्या नावांचा. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस या नावांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी नावे छापून आली आणि मराठी भाषाच बुडाली, असा गलका झाला. विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या, वृत्तवाहिन्यांवर चर्चा रंगल्या. आमच्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवरही त्या आठवड्यात चालणे कमी आणि वादविवाद जास्त होता. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, “आम्ही पावकी-निमकी पाठ करून वाढलो. आमचे काय बिघडले?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागते.

पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अंक गिरवीत आणि पाढे तालावर म्हणत. तीसपर्यंतचे पाढे झाले की अपूर्णांकांचे पाढे येत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. संध्याकाळी घरोघर परवचा होई, त्यातही हेच पाढे. आज हे सारे निव्वळ घोकंपट्टीचे वाटते. पण त्या काळचा बाजार डोळ्यांपुढे आणा. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर. आठ आणे वाराचे कापड साडेतीन वार घेतले, तर किती झाले? औटकी पाठ असलेला मुलगा आठ औट अठ्ठावीस म्हणे. अठ्ठावीस आणे म्हणजे एक रुपया बारा आणे, म्हणजेच पावणेदोन रुपये. कागद नको, पेन्सिल नको. चलन, वजन, माप आणि जीभ, सगळ्यांचे अपूर्णांक एकच होते. ते पाठांतर व्यवहाराशी घट्ट बांधलेले होते.

पुढे इंग्रजी अमदानीत छापील पुस्तके आली. १८२०च्या दशकात मुंबईत जॉर्ज जार्विस या इंजिनिअर अधिकाऱ्याने आपल्याकडच्या शास्त्री मंडळींच्या मदतीने हटन या इंग्रज लेखकाच्या आधारे मराठीत गणिताची पुस्तके तयार करवली. पुढच्या पिढीत केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या गणितज्ञाने मराठी शाळांसाठी अंकगणित लिहिले. आता रीत, नियम, उदाहरण आणि उत्तर, असा क्रम बसला. तोंडचे गणित हळूहळू पाटीवर उतरले.

खरा धक्का बसला तो १ एप्रिल १९५७ रोजी. त्या दिवशी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलोग्रॅम आले, वार जाऊन मीटर आला. गंमत पाहा, एक आणा म्हणजे किती नवे पैसे? सव्वासहा! नवे चलन समजून घ्यायलासुद्धा जुनी सवायकीच उपयोगी पडत होती. पण ते तात्पुरतेच. दशांश पद्धत रुळली आणि औटकीचा व्यवहार संपला. पाढे कोणी बंद केले नाहीत, त्यांच्या पायाखालचा बाजारच सरकला. आमच्या त्या निवृत्त स्नेह्यांचे काही बिघडले नव्हते हे खरे. मात्र ज्या जगासाठी ते शिकले होते, ते जग बिघडले होते, किंवा बदलले होते म्हणा.

त्याच १९५७ सालच्या ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक अवकाशात सोडला. अमेरिका हादरली आणि शाळेतले गणित बदलायला निघाली. आकडेमोडीआधी रचना शिकवा, संच शिकवा, ‘का’ ते सांगा, असा हा विचार. त्याला ‘नवे गणित’ म्हणत. ती लाट आपल्याकडेही आली आणि शाळेतली मुले संच, उपसंच, छेद, संयोग लिहू लागली. महिरपी कंस काढता काढता पालकांची दमछाक झाली, कारण घरात कोणालाच ते येत नव्हते. खुद्द अमेरिकेत मॉरिस क्लाइन या गणितज्ञाने १९७३मध्ये या पद्धतीवर सडकून टीका करणारे पुस्तक लिहिले. मुलांना बेरजेचा क्रमनिरपेक्ष नियम ठाऊक आहे, पण बेरीज येत नाही, असा त्याच्या टीकेचा रोख होता.

तेव्हा एका टोकाला पाठांतर आणि दुसऱ्या टोकाला समज, असा हा झोका. प्रत्येक वेळी मोठी माणसे आपण ज्या रीतीने शिकलो तिच्या बाजूने भांडतात. मूल नेमके कोणत्या पायरीवर अडखळते, हे विचारणारे थोडे.

मंगला नारळीकर त्या थोड्यांपैकी होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या, अंकशास्त्रातल्या संशोधक आणि मुलांसाठी आवडीने लिहिणाऱ्या. २०१९च्या त्या पुस्तकामागच्या गणित समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी. मूल ऐकल्याप्रमाणे लिहिते आणि त्रेसष्टचे छत्तीस होतात. त्यात जोडाक्षरांची भर. जुनी नावे त्यांनी रद्द केली नव्हती. ती होतीच, जोडीला सोपी वाट दिली होती.

आपल्या आकड्यांची नावे एकदा मुलाच्या कानांनी ऐकून पाहावीत. सत्तर म्हणतो, पण पुढे एकाहत्तर. ‘स’चा ‘ह’ झाला. बावन्न म्हणतो, लगेच त्रेपन्न. एकोणसाठमध्ये ऐकू येतात साठ, लिहायचे पन्नास आणि नऊ. एकोणऐंशी, एकोणनव्वद अशी सवय होते न होते तोच शेवटी नव्व्याण्णव! प्राकृतातून झिजत आलेले हे शब्द सुंदर आहेत, भाषेचा इतिहास त्यांत दडला आहे. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंतची बहुतेक नावे सुटी सुटीच पाठ करावी लागतात. कन्नड, तेलुगू, तमीळ मुलाला वीसच्या पुढे दहा-दहाची नावे आली की बाकीची बरीचशी जुळवता येतात.

आणि हा प्रश्न फक्त आपलाच नाही. जर्मन मूलही ‘एक आणि वीस’ असेच म्हणते. नॉर्वेतही तसेच म्हणत. टेलिफोनवर आकडे सांगताना घोळ होऊ लागले, तेव्हा तिथल्या संसदेने ठराव केला आणि १ जुलै १९५१पासून शाळांत आणि सरकारी कारभारात ‘वीस एक’ ही रीत आणली. पण जुनी बोलण्याची सवय तिथे पुढे कित्येक दशके टिकली. भाषा बुडाली नाही, दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदल्या.

आमच्या इंदिरानगरात हा प्रश्न दोन दारांतून येतो. एका घरातली नात इंग्रजी शाळेत जाते. तिला ‘सेव्हन्टी नाइन’ कळते, पण आजीने भाजीवाल्याला एकोणऐंशी रुपये दिले म्हटले की ती गोंधळते. दुसरे मूल पेठ-सुरगाण्याकडून बांधकामावर आलेल्या मजुराचे. घरी कोकणा बोली, शाळेत पुस्तकी मराठी. त्याला चुकल्यावर सांगणारे घरी कोणी नाही. पहिले मूल शिकवणीला जाईल आणि निभावून नेईल. दुसरे मूल त्रेसष्टपाशी अडखळले, तर हातच्याची वजाबाकी त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही. वाद कितीही विनोदी वाटला तरी पणाला लागलेले आहे ते हे मूल.

मग पाठांतर सोडून द्यावे काय? याचे उत्तर मला आमच्याच देवळालीत सापडते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे तिथे शाळेत शिक्षक होते. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. या शिक्षकाने शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे तिकडे लक्ष गेले.

त्यांचा खेळ घरी करून पाहावा. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. वादाचे सालच घेऊ, २०१९. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडले तर ९२१०, उलटे मांडले तर ०१२९. वजा करा, ९०८१. पुन्हा तेच करा, ९६२१. पुन्हा, ८३५२. आणखी एकदा, ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४च येत राहते. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोहोचता. या खेळात मुलाने हातच्याच्या चार वजाबाक्या केल्या आणि त्याला कंटाळा आला नाही. उलट ‘असे का होते?’ हा प्रश्न त्यानेच विचारला. सराव आणि समज यांचे भांडण इथे मिटते. मात्र या खेळात उतरायला दोन अंकी, चार अंकी संख्या बिनचूक लिहिता यावी लागते, आणि तिथेच नाव आणि अंक यांचा मेळ बसलेला हवा.

मंगलाताई २०२३मध्ये गेल्या. वाद केव्हाच थंडावला. पण वर्गात बसलेल्या शिक्षकाला कोणाची परवानगी लागत नाही. मूल त्रेसष्टवर अडले तर ‘म्हणजे साठ आणि तीन’ असे म्हणावे, हात धरून सहा लिहून घ्यावेत, मग तीन. त्रेसष्ट हा शब्दही त्याला द्यावा, कारण तो त्याचा वारसा आहे. पाढेही तालावर म्हणून घ्यावेत, त्यात मजा आहे. कोणती पद्धत जिंकली हे मुलाला कळण्याची गरज नाही. त्याला पुढचे उदाहरण करावेसे वाटले, एवढे पुरे आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)