पाहिलेल्या चित्रपटांची रोजनिशी : व्हिक्टर क्लेम्पेरर ह्यांच्या नोंदींचे वाचन

'रोजनिशी' हा शब्द मराठीत मूळचा दप्तरातला आहे. गणेश चिमणाजी वाड ह्यांनी वेचे काढलेल्या पेशव्यांच्या रोजनिश्यांत हुकूम आहेत, नेमणुका आहेत, जमाखर्च आहे, मनोगत नाही. ज्या दैनंदिनीत लिहिणाऱ्याचे अंतरंग शोधले जाते, ती आधुनिक काळातली. एखादी व्यक्ती वर्षभर पाहिलेल्या चित्रपटांची टिपणे ठेवते तेव्हा तिचे लेखन ह्या दोन अर्थांच्या सीमेवर उभे असते. तारीख, चित्रपटाचे नाव, सोबतीला कोण होते आणि दोनचार ओळींचा अभिप्राय, एवढाच बहुधा त्या नोंदीचा ऐवज असतो. तिला समीक्षा म्हणावे तर युक्तिवाद नाही, आत्मचरित्र म्हणावे तर कथन नाही. म्हणूनच वाङ्मयविचाराने तिच्याकडे क्वचितच स्वतंत्रपणे पाहिले आहे.

अशा नोंदींचे वाचन आजवर प्रामुख्याने दोन प्रकारे झाले. पहिला प्रकार चरित्रात्मक. काफ्का ह्यांच्या रोजनिशीत २० नोव्हेंबर १९१३ रोजी चित्रपटगृहात गेल्याची आणि रडल्याची अगदी त्रोटक नोंद आहे. ती वारंवार उल्लेखिली जाते ती काफ्का ह्यांच्या मनाची खूण म्हणून. त्या दिवशीच्या प्रेक्षागृहाची खूण म्हणून नव्हे. दुसरा प्रकार समाजशास्त्रीय. जे. पी. मायर ह्यांनी 'पिक्चरगोअर' ह्या ब्रिटिश नियतकालिकाच्या वाचकांकडून त्यांच्या चित्रपटविषयक आठवणी लिहवून घेतल्या आणि १९४६ व १९४८ च्या आपल्या ग्रंथांत त्या वापरल्या. ही सामग्री मोलाची असली तरी ती स्मरणातून घडलेली आहे. आठवण निवड करते, आधीच्या घटनेला नंतरचा अर्थ देते. रोजच्या नोंदीला ही सोय नसते. उद्या काय घडणार हे तिला ठाऊक नसते. दोन्ही प्रकारच्या वाचनांनी मात्र प्रेक्षकाच्या टिपणाला अभिरुचीचा पुरावा मानले आहे. चित्रपट पाहणे ही विशिष्ट ठिकाणी, इतरांच्या सोबतीने, कोणाच्या तरी परवानगीने घडणारी कृती आहे आणि नोंद ही त्या कृतीची साक्ष आहे, हे अंग त्यांत दुर्लक्षित राहिले. व्हिक्टर क्लेम्पेरर ह्यांच्या रोजनिशीच्या आधारे ह्या अंगाचा विचार करता येतो.

क्लेम्पेरर (१८८१–१९६०) हे रोमान्स भाषांचे, विशेषतः अठराव्या शतकातील फ्रेंच साहित्याचे अभ्यासक. १९२० पासून ते ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक होते. रब्बीच्या घरात जन्मलेल्या क्लेम्पेरर ह्यांनी प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला होता आणि पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात लढले होते. नाझी कायद्याच्या लेखी ते ज्यूच राहिले. पत्नी एफा ही त्या कायद्यानुसार 'आर्य' असल्यामुळे ते हद्दपारीपासून बराच काळ वाचले. किशोरवयापासून ते रोजनिशी लिहीत. चित्रपटांचे त्यांना विलक्षण वेड होते आणि पतिपत्नी मिळून चित्रपटगृहात जात. बोलपट अवतरला तेव्हा क्लेम्पेरर ह्यांनी प्रथम त्याकडे संशयाने पाहिले आणि पुढे त्याचा स्वीकार केला. हा प्रवास नोंदीनोंदींतून दिसतो तो कलाविषयक सिद्धान्त म्हणून नव्हे, तर सवय हळूहळू बदलल्याचा वृत्तान्त म्हणून.

ह्या नोंदींपैकी सर्वांत महत्त्वाची ठरली ती ८ जून १९३२ ची. त्या दिवशी त्यांनी योझेफ फॉन स्टर्नबर्ग ह्यांचा 'द ब्लू एंजल' (१९३०) पाहिला. हाइन्रिख मान ह्यांच्या १९०५ च्या कादंबरीवर आधारलेला, एका अध्यापकाच्या अधःपाताचा हा बोलपट त्यांना जवळजवळ अभिजात वाटला. परंतु त्यांच्या मनातून हलेना तो मुख्य चित्रपट नव्हे, तर त्याच खेळात दाखवलेल्या वार्तापटातील एक प्रसंग. स्कागेराकच्या सागरी युद्धाच्या स्मृतिदिनी नौदलाची तुकडी बर्लिनमधून राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाकडे संचलन करीत निघाली होती. तिच्या अग्रभागी वाद्यपथकाचा म्होरक्या होता. एक हात कमरेवर घट्ट दाबलेला, दुसऱ्या हातातील दंड आकाशात उसळलेला, उंच फेकलेल्या पायाचे टोक जणू त्या दंडाला गाठू पाहणारे. सैनिकी कवायत क्लेम्पेरर ह्यांना अपरिचित नव्हती. पण शरीराचे हे ताणलेपण त्यांना नवे होते. अभिव्यक्तिवादी चित्रे आणि कविता ह्यांच्याशी त्यांनी त्याचे नाते जोडले. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एल.टी.आय.' ह्या तिसऱ्या राइशच्या भाषेची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथात त्यांनी हा प्रसंग आरंभीच ठेवला. नाझी उन्मादाशी, आणि म्हणून त्या राजवटीच्या भाषेशी, आपली पहिली भेट ह्या मूक आकृतीतून झाली, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

येथे एक पद्धतिविषयक शंका उपस्थित होते. ८ जून १९३२ रोजी हिटलर सत्तेवर नव्हता. त्याच महिन्याच्या आरंभी फॉन पापेन ह्यांचे मंत्रिमंडळ आले होते. तेव्हा त्या दिवशीची नोंद आणि पंधरा वर्षांनंतरचा तिचा अन्वयार्थ ह्या दोन भिन्न संहिता आहेत. पहिल्या संहितेत अस्वस्थता आहे, दुसऱ्या संहितेत त्या अस्वस्थतेला नाव आहे. ग्रंथकार क्लेम्पेरर आपल्याच रोजनिशीचे वाचक झाले आहेत आणि हे वाचन उत्तरकालीन ज्ञानाने भारलेले आहे. परंतु ह्यामुळे मूळ नोंदीचे मोल कमी होत नाही. अर्थ अजून हाती नसताना जे डोळ्यांत रुतले, ते लिहून ठेवले गेले, हेच तिचे मोल. समीक्षक सामान्यतः मुख्य चित्रपटाला कलाकृती मानून वार्तापट बाजूला ठेवतो. रोजनिशी हा भेद पाळत नाही. एका तिकिटात जे जे पडद्यावर आले ते सारे तिच्या दृष्टीने एकाच संध्याकाळचे असते.

कालक्रमाने ठेवलेल्या नोंदीचे दुसरे सामर्थ्य तुलनेत आहे. मार्च १९३३ मध्ये क्लेम्पेरर ह्यांनी वार्तापटात वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग ह्यांना पाहिले. सुमारे वर्षभरापूर्वी त्यांना पडद्यावर पाहिल्याचे त्यांना आठवले. तेव्हा ते काहीसे ताठरलेले, पण खंबीर पावलांनी चालत होते; आता ती पावले अगदी लहान आणि कष्टाची झाली होती. पक्षाघातानंतर शेवटच्या आठवड्यांत आपले वडील असेच चालत आणि त्या काळात त्यांचे भान हरपलेले होते, ही आठवण त्यांनी लगेच पुढे जोडली आणि हिंडेनबुर्ग आता केवळ बाहुले उरले आहेत असा निष्कर्ष काढला. वैद्यकीय निदान म्हणून ह्या निष्कर्षाला किंमत नाही. मात्र प्रचारासाठी तयार केलेले चित्र प्रेक्षक कसे उलटे वाचू शकतो ह्याचे ते मूलगामी उदाहरण आहे. पडदा सत्तेचे सातत्य दाखवीत होता. एका वर्षाच्या अंतराने पाहणाऱ्या मुलाला तेथे बापाचे मरण दिसले. प्रेक्षकाला निष्क्रिय ग्राहक मानणाऱ्या सिद्धान्तांनी ह्या नोंदीचा हिशेब देणे अवघड आहे.

१९३५ मध्ये क्लेम्पेरर ह्यांची प्राध्यापकी गेली. डोक्यावर नव्या घराच्या खर्चाचा बोजा होता. तरीही चित्रपट पाहणे शक्य तोवर चालू राहिले. नोव्हेंबर १९३८ मधील हिंसाचारानंतर, १२ नोव्हेंबर रोजी, गोबेल्स ह्यांच्या आदेशाने ज्यूंना नाट्यगृहे, चित्रपटगृहे, संगीतसभा ह्यांत प्रवेश निषिद्ध झाला. वर्षअखेरीस ग्रंथालयाची दारे बंद झाली आणि वाहनपरवानाही गेला. २ जून १९४२ रोजी क्लेम्पेरर ह्यांनी आपल्यावरील निर्बंधांची क्रमांकवार यादीच रोजनिशीत लिहून ठेवली. तीसएक कलमांच्या त्या यादीत चित्रपटगृहाची बंदी अगदी वरच्या कलमांत आहे. ह्या साऱ्या गोष्टी घरझडती, मारहाण, तुरुंग, छळछावणी आणि मृत्यू ह्यांच्या सततच्या भयापुढे काहीच नाहीत, असेही ते तेथेच नोंदवतात. रोजनिशी, म्हणजेच रोजकीर्द, हा शब्दाचा जुना अर्थ येथे पुन्हा जिवंत होतो. जे पाहिले त्याची जमा बंद झाली की जे हिरावले गेले त्याचा खर्च लिहिला जातो.

चित्रपटांच्या नोंदी जिथे थांबतात तिथला हा रिकामा अवकाशही मग संहितेचाच भाग ठरतो. अन्य कोणाच्या रोजनिशीत अशा खंडाचा अर्थ कंटाळा, आजार वा पैशाची चणचण असा होऊ शकला असता. येथे त्यामागे हुकूम आहे. अंधाऱ्या प्रेक्षागृहात अनोळखी माणसांशेजारी बसणे ही आपण किरकोळ करमणूक मानतो. त्या अंधारात कोणाची ओळख विचारली जात नाही. म्हणूनच ते समाजाचे घटक असल्याचे एक साधे, रोजचे प्रमाण असते. राजवटीने हे प्रमाण काढून घेतले. लेखन मात्र चालूच राहिले. पत्नी एफा लिहिलेली पाने पिर्ना येथे डॉ. आनेमारी क्योलर ह्यांच्याकडे पोहोचवीत. ती सापडली असती तर तिघांच्याही जिवावर बेतले असते.

ह्या विवेचनाला एक मर्यादा घालणे आवश्यक आहे. क्लेम्पेरर ह्यांची नाझी काळातील रोजनिशी १९९५ मध्ये संक्षिप्त स्वरूपात प्रसिद्ध झाली. १९२९ ते १९४५ ह्या काळातील चित्रपटविषयक नोंदी वेगळ्या काढून त्यांचे स्वतंत्र पुस्तक आले ते २०२० मध्ये. म्हणजे 'चित्रपटांची रोजनिशी' हा प्रकार येथे लेखकाने नव्हे, संपादनाने निर्माण केला आहे. सलग वाचताना आस्वादक प्रेक्षकाचे एक सुघड व्यक्तिमत्त्व उभे राहते. मूळ पानांवर मात्र चित्रपट हा दुखणी, देणी, अडलेले संशोधन आणि ऐकीव बातम्या ह्यांच्या गर्दीत बसलेला असतो. वेगळ्या काढलेल्या नोंदी अभ्यासाला सोयीच्या आहेत, परंतु त्यांच्या भोवतीची गर्दी पुसली तर साक्षीचा अर्धा भाग गळून पडतो.

ह्यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, पाहिलेल्या चित्रपटांच्या रोजनिशीला 'काय आवडले?' हा प्रश्न अखेरचा नव्हे. कोणासोबत पाहिले, त्याच खेळात आणखी काय दिसले, मागल्या वर्षी तीच प्रतिमा कशी होती आणि नोंद कोणत्या दिवशी थांबली, हे प्रश्न विचारल्यावाचून तिचे वाचन पूर्ण होत नाही. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ड्रेस्डेनवर बॉम्बवर्षाव झाला. त्या गोंधळात क्लेम्पेरर ह्यांच्या कोटावरील पिवळा तारा उतरवला गेला आणि ते पत्नीसह निसटले. पिर्ना येथे ठेवलेली पाने युद्धानंतर त्यांना परत मिळाली. 'द ब्लू एंजल' पाहिलेल्या संध्याकाळचा उपयोग करून ते 'एल.टी.आय.' लिहू शकले, ते त्यांनी १९३२ मध्ये ती संध्याकाळ लिहून ठेवली होती म्हणून.