बाळगोळी : गिरणगावाची अफू

१/ अफूचा इतिहास म्हटला की चीनकडे निघालेली जहाजे आठवतात. मुंबईच्या गिरणगावात मात्र अफू थेट पाळण्यापर्यंत पोहोचली होती. तिचे नाव बाळगोळी.

२/ १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली. १९२२ चा कायदाही ११ तासांवरच थांबला. एवढा वेळ तान्हे मूल सांभाळणार कोण? अफूमिश्रित गोळी चाटवली की ते तासन्‌तास निजून राही.

३/ अफूने श्वास मंदावतो आणि भूक मरते. गुंगीतले मूल भुकेने रडत नाही, म्हणून त्याला कोणी पाजतही नाही. शांत दिसणारे बाळ असे खंगत जाई. मात्रा चुकली तर ते पुन्हा उठत नसे.

४/ अफू चोरटी नव्हती. १८७८ च्या अफू कायद्याखाली ती परवान्याच्या दुकानात मिळे आणि सरकारी तिजोरीत महसूल पडे. १८९५ मध्ये शाही अफू आयोगाने बेताचे अफूसेवन फारसे घातक नसल्याचा निर्वाळा दिला होता.

५/ १९३१ च्या शाही कामगार आयोगाने स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली मागण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. अधिकार दिला, सक्ती केली नाही. पाळणाघराची सक्ती कायद्यातच लिहिली जायला १९४८ साल उजाडावे लागले. तोवर गोळी देणाऱ्या आईला दोष देणे सोपे होते. तिच्या बाळाला सांभाळणारे मात्र कोणी नव्हते.