पांढरा कप

परवा डोंबिवलीच्या घरी खिडकीत पांढरा कप ठेवून जलरंगात काढायला बसले. तीन कागद वाया गेले. शेवटी ट्यूबमधला पांढरा थापला, तर कप खडूचा वाटायला लागला!

हा दाट पांढरा, ‘चायनीज व्हाइट’, विन्सर अँड न्यूटनने १८३४ साली बाजारात आणला. पारदर्शक जलरंगाची रीत मात्र वेगळी. पांढरा लावायचाच नाही, कागद कोरा राखायचा.

मग आठवलं ते सावळाराम हळदणकरांचं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं. १९४५-४६ च्या सुमाराचं. गंमत म्हणजे अनेकजण ते राजा रविवर्म्यांचं समजतात. रविवर्मा तर १९०६ सालीच गेले! शिवाय हे चित्र जलरंगातलं आहे. तैलरंगात उजेड शेवटी चढवता येतो, चूक खरवडता येते. जलरंगात उजेडाची जागा पहिल्या हाताआधीच राखावी लागते. एकदा गेली की गेली.

चौथ्या कागदावर कपाला हातच लावला नाही. मागची भिंत गडद केली, कडेला निळसर सावली दिली. कप जरा वाकडा झालाय, पण पांढरा आहे.