जागावाटपाचा इतिहास : कुस्तीचे मैदान, क्रिकेटचे स्टेडियम आणि सातारा-सांगलीचा प्रेक्षक

प्रस्तावना

क्रीडेतिहासाच्या लेखनात खेळाडू, विक्रम, संस्था आणि राजाश्रय यांना जे स्थान मिळाले, ते प्रेक्षकाला मिळालेले नाही. अंतिम सामना कोणी जिंकला याची नोंद राहते. तो पाहण्यासाठी आत कोणाला जाता आले आणि बाहेर कोणाला थांबावे लागले, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. महत्त्वाच्या सामन्याचे तिकीट महाग असते आणि पैसे मोजूनही मिळत नाही, ही तक्रार आज सार्वत्रिक आहे. मागणी अधिक आणि जागा कमी, असे तिचे कारण सांगितले जाते. हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. जागा कमी असतात तेव्हा त्या आधी कोणाला द्यायच्या हे कोणीतरी ठरवीत असते, आणि हा अधिकार कोणाकडे आहे हा इतिहासाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील प्रेक्षक केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. या जिल्ह्यांची निवड सहेतुक आहे. गावोगावच्या कुस्ती मैदानांची परंपरा येथे आजही टिकून आहे आणि भारतीय क्रिकेटला विजय हजारे व स्मृती मानधना हे दोन मोठे फलंदाज सांगलीनेच दिले आहेत. मैदान आणि स्टेडियम या दोन व्यवस्थांची तुलना करण्यास यापेक्षा योग्य प्रदेश सापडणे कठीण आहे.

राजाश्रयाकडून तिकिटाकडे

तिकीट ही कल्पना मुळात प्रेक्षकाला अडविण्यासाठी आलेली नाही. सांगलीच्या इतिहासातच याचा पुरावा आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ हे नाटक सादर केले, ते संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. दरबारी प्रयोगात प्रेक्षक हा निमंत्रित असतो. त्याची बैठक त्याच्या मानाप्रमाणे ठरते. १८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाले, आश्रय संपला आणि भावे यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोड येथील नाट्यगृहात त्यांच्या मंडळीचे प्रयोग तिकीट लावून झाले. दरबारात ज्याला कधीही बोलावणे आले नसते, असा मनुष्य आता पैसे देऊन आत बसू शकत होता.

तिकिटाने निमंत्रणाची जागा घेतली, हा त्या काळाचा विचार करता लोकाभिमुख बदल होता. पुढील विवेचनासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कारण विसाव्या शतकात क्रीडाक्षेत्रात घडले ते नेमके याच्या उलट; तिकिटाच्या मागल्या दाराने निमंत्रण पुन्हा आत आले.

लोकवर्गणीचे मैदान

सातारा-सांगलीच्या खेड्यांत ग्रामदैवताची यात्रा आणि कुस्त्यांचे मैदान यांचा संबंध अतूट आहे. यात्रेआधी गावकरी वर्गणी गोळा करतात. तिच्यातून इनामाची रक्कम, हलगीवाल्यांचे मानधन, मातीची तयारी आणि पाहुण्या मल्लांचा पाहुणचार हा सर्व खर्च भागतो. लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी आरंभ होतो, वस्तादांच्या देखत जोडी ठरतात आणि दिवस कलताना मानाची शेवटची कुस्ती लागते. प्रेक्षक माळावर, उतारावर, झाडावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जागा मिळेल तेथे बसतो. अशा मैदानाला सामान्यतः तिकीट नसते.

मात्र तिकीट नाही म्हणजे खर्च नाही असे समजणे चुकीचे ठरेल. खर्च प्रेक्षकाकडूनच आलेला असतो. फरक एवढाच की तो दारात न घेता घरोघरी, ऐपतीप्रमाणे आणि आगाऊ घेतलेला असतो. त्यामुळे मैदानात बसलेला गावकरी हा गिऱ्हाईक नसून यजमान असतो. परगावचा मनुष्य त्याचा पाहुणा ठरतो आणि पाहुण्याकडून पैसे घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. या व्यवस्थेने मोठे मल्ल घडविले. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० मध्ये, तर कवठेपिरानचे मारुती माने १९६४ मध्ये हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही सुवर्णपदके मिळविली. १९६१ मध्ये औरंगाबाद येथे पहिला महाराष्ट्र केसरी ठरलेले दिनकर दह्यारी हेही सांगलीचेच.

या परंपरेचे गौरवीकरण करताना तिची मर्यादाही नोंदविली पाहिजे. विनामूल्य असलेले हे मैदान सर्वांना खुले नव्हते. गावातील स्त्रिया यात्रेला जात, नैवेद्य करीत, मल्लांचा स्वयंपाक करीत. परंतु मैदानावर बसून कुस्ती पाहण्याचा रिवाज त्यांच्यासाठी नव्हता. पैशाची अट नसतानाही प्रेक्षकांचा अर्धा भाग बाहेर राहू शकतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

खासबाग आणि गोळेश्वर

गावमैदान आणि आधुनिक स्टेडियम यांच्यामधला दुवा म्हणजे शेजारच्या कोल्हापुरातील खासबाग मैदान. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले हे मैदान १९१२ मध्ये सुरू झाले. मध्ये आखाडा आणि सभोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्याने मागे बसलेल्यालाही कुस्ती दिसते. आश्रय राजाचा होता, पण रचना सामान्य प्रेक्षकाचा विचार करणारी होती.

तिकीट आणि वर्गणी यांचा सर्वांत हृद्य संयोग मात्र सातारा जिल्ह्यात आढळतो. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले, तेव्हा प्रवासखर्चाचा प्रश्न होता. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिल्याचे सांगितले जाते. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांचे सामने भरवून मिळालेल्या पैशांतून हे कर्ज फेडले, असेही त्यांच्या चरित्रात नोंदविले जाते. येथे प्रेक्षकाच्या खिशातील पैशाचा खेळाशी असलेला संबंध थेट आणि डोळ्यांना दिसणारा आहे. आपण दिलेले पैसे कोठे गेले, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते.

मुंबई : क्लब, सभासद आणि बाहेरचा प्रेक्षक

मुंबईतील क्रिकेटची घडण वेगळ्या पायावर झाली. तेथे खेळ जिमखान्यांभोवती वाढला आणि जिमखाना म्हणजे सभासदत्व. १९३७ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबर्न स्टेडियम उभे राहिले. चौरंगी सामन्यांत ‘शेष’ हा पाचवा संघ येऊन ते पंचरंगी झाले, तेही याच वर्षी. या पहिल्याच पंचरंगी स्पर्धेतून हिंदू संघाने माघार घेतली. कारण खेळाचे नव्हते, जागावाटपाचे होते. नव्या स्टेडियममध्ये मिळालेल्या जागा हिंदू जिमखान्याला अपुऱ्या वाटल्या. जातीय तेढीच्या अंगाने या स्पर्धेची बरीच चर्चा झाली आहे. परंतु आसनांचा वाद हा तिच्या इतिहासाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

१९४३ च्या डिसेंबरमधील अंतिम सामन्यात याच मैदानावर सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी ‘शेष’ संघातर्फे, संघाच्या एकूण ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ धावा केल्या. सांगलीपासून सुमारे पावणेचारशे किलोमीटरवर झालेली ही खेळी त्यांच्या गावच्या सामान्य माणसाला पाहणे शक्य नव्हते. पुढील काळात ही उणीव आकाशवाणीने काही अंशी भरून काढली. बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने पारावर बसलेल्या श्रोत्यालाही आसन मिळवून दिले.

जागावाटपाचा वाद स्वातंत्र्यानंतरही मिटला नाही. कसोटी सामना बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचा आणि स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे, त्यामुळे तिकिटे कोणी किती घ्यायची यावरून दोन्ही संस्थांत सतत खटके उडत. अखेर विधानसभेचे तत्कालीन अध्यक्ष शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने असोसिएशनने जवळच स्वतःचे स्टेडियम बांधले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे भारत-वेस्ट इंडीज कसोटी झाली. वानखेडे स्टेडियमचा जन्मच तिकिटांच्या भांडणातून झाला, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

प्रेक्षकाचे घटते मोल

स्वतःचे स्टेडियम झाल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. २ एप्रिल २०११ रोजी याच वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा सुमारे ३३ हजार आसनांपैकी सर्वसाधारण विक्रीसाठी केवळ ४ हजारांच्या आसपास तिकिटे उपलब्ध होती. उर्वरित जागांचा मोठा वाटा संलग्न क्लब आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद यांच्याकडे गेला होता. विक्री सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले. १५ नोव्हेंबर २०२३ च्या भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याच्या वेळी तिकिटांच्या काळ्याबाजाराविरुद्ध मुंबई पोलिसांना कारवाई करावी लागली. १९३७ मध्ये जो प्रश्न जिमखान्याला पडला होता, तो आता सामान्य नागरिकाला पडला. फरक इतकाच की जिमखान्याकडे माघार घेण्याचा मार्ग होता, नागरिकाकडे तोही नव्हता.

यामागे आर्थिक बदलही आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी क्रिकेट मंडळाने प्रक्षेपणाचे हक्क स्वतंत्रपणे विकण्यास सुरुवात केली. १९९५ मध्ये प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यानंतर प्रक्षेपण आणि प्रायोजकत्व हे उत्पन्नाचे मुख्य स्रोत बनले. दारावर जमणाऱ्या पैशावर संयोजकाचे पोट अवलंबून राहिले नाही. ज्याच्या पैशाची गरज उरली नाही, त्याचा शब्दही उरला नाही. मोक्याचे आसन विकण्यापेक्षा ते प्रायोजकाला, पदाधिकाऱ्याला, अधिकाऱ्याला देणे अधिक लाभाचे ठरू लागले. तिकिटाची चढी किंमत हे या व्यवस्थेचे केवळ दिसणारे टोक आहे. तिचा गाभा ‘पास’ हा आहे.

दोन परंपरांची भेट

अलीकडील काही घटनांत या दोन परंपरा एकमेकींजवळ येताना दिसतात. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यातील छत्रपती शाहू क्रीडासंकुलात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील विजेता ठरला. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा होऊन सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा पटकाविली. जेथे स्त्री प्रेक्षक म्हणूनही येत नव्हती, तेथे ती मल्ल म्हणून उभी राहिली, हा बदल मोठा आहे.

२०२५ च्या महिला विश्वचषकात भारतातील साखळी सामन्यांची तिकिटे १०० रुपयांपासून ठेवण्यात आली होती. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून अंतिम सामना जिंकला, तेव्हा सांगलीत वाढलेली स्मृती मानधना भारताच्या डावाची सलामीवीर होती. कमी दर ठेवणे हा संयोजकाच्या इच्छेचा भाग आहे, अर्थशास्त्राची सक्ती नव्हे, हे या निर्णयावरून दिसून येते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अंतिम सामन्याचे तिकीट न मिळणे ही केवळ गर्दीची समस्या नसून आसनावरील पूर्वहक्काची समस्या आहे; १९३७, १९७५ आणि २०११ या तिन्ही टप्प्यांवर वादाचा मुद्दा तोच होता. दुसरी, प्रेक्षक खर्चाचा भार उचलतो आणि तो उचलल्याचे सर्वांना दिसते, तेव्हाच त्याला मान मिळतो. गावमैदान हे त्याचे उदाहरण होय. तिसरी, विनामूल्य प्रवेश म्हणजे आपोआप समान प्रवेश नव्हे, हे त्याच मैदानाच्या इतिहासाने दाखविले आहे.

कुस्तीच्या मोठ्या स्पर्धा आता मातीवरून गादीवर आणि माळावरून क्रीडासंकुलात आल्या आहेत. सुविधा वाढल्या हे स्वागतार्ह आहे. परंतु माळावरचा उतार कोणासाठी राखीव नसे. संकुलातील खुर्ची राखीव ठेवता येते. आसनांपैकी किती पास म्हणून जाणार आणि किती खुली राहणार, हे सामन्यापूर्वी जाहीर करण्याचा साधा नियम संयोजकांनी स्वीकारला, तर वर्गणी देणाऱ्या गावकऱ्याची यजमानाची जागा काही प्रमाणात तरी टिकून राहील. अन्यथा ज्या जिल्ह्यांनी मल्लांना आणि फलंदाजांना वर आणले, त्याच जिल्ह्यांतील माणसाला त्यांचा खेळ भिंतीबाहेरून ऐकावा लागेल.